पेस्टिंगच्या दिवशीची अर्धी वाटी

मी तोंडाची फटकळ. माहेरी, जुन्नरच्या बाजारपेठेत, याचं कौतुक व्हायचं. लग्न होऊन नारायणगावजवळच्या खेड्यात आले तेव्हा कौतुक मागे राहिलं आणि तोंड तेवढं बरोबर आलं. बारावी झालेली सून त्या काळी गावात एखाद-दुसरीच. कुणाचं लाइटबिल, कुणाचं कोर्टाचं समन्स, औषधाच्या डब्यातली चिठ्ठी, सगळं वाचायला माझ्याकडे यायचं. औषध म्हणजे आमच्याकडे आधी द्राक्षाचं, मग माणसाचं. वाचून दाखवताना मी जरा मोठ्यानंच वाचायची. आपल्याला कळतं आणि समोरच्याला कळत नाही, हे सुख मी त्या दिवसांत पुरेपूर भोगलं.

ते दिवस नव्वदच्या दशकातले. आमच्या भागात जो तो द्राक्षं लावत होता. आमची बाग दीड एकराची, घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर, विहिरीच्या कडेला. द्राक्षाच्या बागेत वर्षभर काही ना काही अंगावर येतंच. गंधकाची भुकटी धुरळली की दोन दिवस डोळे चुरचुरायचे. मोरचुदाची फवारणी करून आलेला माणूस बोटांच्या निळेपणावरून ओळखू यायचा. तोंडाला रुमाल बांधला की झालं संरक्षण, आणि तोच रुमाल संध्याकाळी घाम पुसायला. साबणानं हात धुऊन भाकरीला बसलं तरी पहिल्या घासाला औषधाची चव असायची. त्याबद्दल कुणी बोलत नसे. आमटीत मीठ जास्त झालं तर बोलायचे.

पण सगळ्यांत जहाल काम पेस्टिंगचं. ऑक्टोबरात छाटणी झाली की काडीवर कोंबांचे जे डोळे राहतात ते एकदम फुटावेत म्हणून एक औषध पाण्यात कालवून फडक्यानं एकेका डोळ्याला लावायचं. त्यात गेरू घालायचा, म्हणजे कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला ते दिसतं. दुकानातून हातमोजे मिळायचे, पण ते पहिल्याच दिवशी फाटायचे. मग दुधाच्या रिकाम्या पिशव्या हातात घालून मनगटाला सुतळी बांधायची. दुपारपर्यंत पिशवीत लाल पाणी उतरलेलंच असायचं. पुढे आठ दिवस बोटांची सालं निघत राहायची.

या पेस्टचा एक नियम सगळ्या गावाला पाठ होता. ती लावल्यावर काही दिवस दारूला शिवायचं नाही. शिवलात तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, वांत्या होतात. नारायणगावचे दुकानदार शेठ, मूळचे राजस्थानकडचे पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलणारे, डबा हातात देताना प्रत्येकाला हे बजावायचे. चिठ्ठीतही होतं आणि ती चिठ्ठी मीच अर्ध्या गावाला वाचून दाखवली होती. तरी एका वर्षी मजुरांच्या टोळीतल्या एका गड्यानं ऐकलं नाही. त्याला जीपमध्ये आडवा घालून न्यावं लागलं. तेव्हापासून बायकांना भलतीच मजा वाटू लागली. आपल्या नवऱ्याची चहाडी आता पेस्टच करते, असं म्हणायच्या. ऑक्टोबरात पुरुष पारावर बसले की बायका येता-जाता त्यांची तोंडं न्याहाळायच्या. लाल झाला म्हणजे प्यायला. इतकं सोपं ज्ञान हाताशी आलं की माणूस पुढचं काही विचारत नाही. मी तर नाहीच विचारलं.

आमचे हे पूर्वी प्यायचे. आरडाओरडा नाही, मारहाण नाही, नुसते हरवायचे. एकदा तीन वर्षांच्या मुलीला आठवडी बाजारात घेऊन गेले आणि तिला एका भाजीवालीपाशी विसरून एकटेच घरी आले. त्या दिवशी मी मुलीला उचललं आणि एसटीनं थेट जुन्नर गाठलं. चार महिन्यांनी हे माझ्या माहेरच्या दारात आले. माझ्या वडिलांसमोर मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा शिवणार नाही म्हणाले. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ती त्या लेकराला बाधते, असं आमच्याकडे मानतात. मी शिकलेली, पण मीही मानत होते. मी परत आले आणि पुढची तीन वर्षं यांनी खरोखर थेंब घेतला नाही.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात यांना तापानं धरलं. ताप गेला पण अन्नावरची वासना काही परत येईना. मी जुन्नरच्या एका वैद्यांकडून द्राक्षासवाची बाटली आणली. जेवणानंतर दोन चमचे, पाण्यातून. महिनाभर मी रोज माझ्या हातानं देत होते. "आपल्याच द्राक्षाचं पाणी आपल्यालाच इकत्यात," असं म्हणून हे हसायचे आणि चमचा चाटून परत द्यायचे. आमच्या संसारातले सुखाचे दिवस मोजायला बसले तर मला ती चमच्याची वेळ आधी आठवते. मुलगीही वास घेऊन नाक मुरडायची आणि पुन्हा वास घ्यायला यायची.

त्या वर्षीचं पेस्टिंग उजाडताच सुरू झालं आणि दुपारी एकच्या सुमाराला संपलं. टोळीतली माणसं घराघरांत पोचली, हे आले नाहीत. तासाभरानं आले. कुठे होतात म्हटलं तर ड्रम धूत होतो म्हणाले. मनगटापर्यंत हात लाल, आणि भाकरी मोडताना थरथरत होते. मला माया आली. हे मी आज लिहिते कारण ती खरोखर मायाच होती. दोन चमच्यांनी काय होतंय, असं म्हणून मी बाटली वाटीत वाकडी केली आणि अर्धी वाटी भरून दिली. लई झालं म्हणाले. घ्या, अंगात जरा जीव येईल, असं मी म्हटलं. त्यांनी एका दमात घेतली. मी भांडी घेऊन मागच्या दारी गेले.

भांडी निम्मी झाली नसतील, मुलगी पळत आली. बाबांचं तोंड बघ, म्हणाली. ओसरीत आले तर हे भिंतीला टेकलेले. कपाळापासून गळ्यापर्यंत लाल, डोळे लाल, तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते. मग उलटी झाली आणि आंबूस वास आला. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट आली, तो मधला एक तास.

शेजारचे धावत आले. त्यांनी यांच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं आणि कुणी काहीच विचारलं नाही. जीप करून नारायणगावला नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावता लावता विचारलं, किती घेतली? हे म्हणाले, घेतली नाही. डॉक्टरांनी मान हलवली, सगळे असंच म्हणतात अशी. दुसरं काही चालू आहे का, असंही त्यांनी मला विचारलं होतं. मी काही नाही म्हणून सांगितलं. ते टॉनिक मला 'काही' वाटलंच नव्हतं. ते तर घरातलं होतं, मी दिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी यांना घरी आणलं. शेजारपाजार ओसरीत बसलेलाच होता. मला थोडं थांबता आलं असतं, माणसं उठून जाईपर्यंत तरी. पण मी फटकळ.

"पोरीच्या डोक्यावर हात ठिवला व्हता तुमी," मी म्हटलं.

"म्या घेतली नाय."

"मग त्वांड काय उन्हानं लाल झालं?"

"मला नाय ठावं," हे म्हणाले. "पर म्या घेतली नाय."

ते हे वाक्य तीनदा बोलले. मी मोजलं होतं, कारण दर वेळी आवाज खाली येत होता. तिसऱ्यांदा तर ते माझ्याशी नाही, जमिनीशी बोलल्यासारखं वाटलं. त्यानंतर त्यांनी ते कधी म्हटलं नाही आणि मी त्याचा अर्थ असा लावला की खोटं दमलं.

त्याच आठवड्यात मुलीला ताप आला. साधा ताप होता, हवा बदलली की लेकरांना येतो तसा. मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि तोंडानं बोलत होते, बापानं शपथ मोडली, भोगतंय लेकरू. मुलगी सहा वर्षांची. तिला सगळं कळत होतं. संध्याकाळी हे तिच्याजवळ बसले, ताप बघायला डोक्यावर हात ठेवायला गेले आणि तिनं डोकं बाजूला घेतलं. यांचा हात तसाच राहिला थोडा वेळ. आयुष्यात मी पुष्कळांना पुष्कळ लागेल असं बोलले आहे, पण याच्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

सकाळी यांनी अंथरुणाची वळकटी केली आणि बागेतल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहायला गेले. भांडण नाही, निरोप नाही. राखण करायची म्हणून गेले असं गावाला सांगितलं गेलं, आणि गावानंही ते ऐकून घेतलं.

पुढची बारा वर्षं आमच्यात ती पंधरा-वीस मिनिटांची वाट होती. सकाळचा डबा मुलगी शाळेत जाताना द्यायची, संध्याकाळचा मी न्यायची. खोलीच्या बाहेर लिंबाच्या झाडाला खिळा ठोकला होता. भरलेला डबा अडकवायचा, रिकामा घेऊन यायचं. बोलणं कामापुरतं. लाइट कधी येणार, टोळी कधी येणार, व्यापारी काय म्हणाला. सणाला जेवायला यायचे, पाहुण्यासारखे. ताटाखाली पाट मी ओढून द्यायची आणि ते 'असू दे' म्हणायचे. एकाच गावात राहून मी माझ्या नवऱ्याला पत्र लिहावं असं मला कितीदा तरी वाटलं. काय लिहायचं ते सुचायचं नाही.

ते पुन्हा प्यायले नाहीत. हे मला माहीत होतं, गावालाही माहीत होतं. त्यामुळे माझा राग कमी व्हायला हवा होता, तर तो वाढलाच. एवढं जमतंय माणसाला, तर मग त्या एका दिवशीच का नाही जमलं? हा प्रश्न घेऊन मी स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, टीव्हीवरच्या हिंदी मालिका बघायची. मालिकेतल्या बायका नवऱ्याला एका भागात सोडायच्या आणि दहाव्या भागात माफ करायच्या. मला हसू यायचं. हसायला घरात दुसरं कुणी नसायचं, मुलगी खालमानेनं अभ्यास करत असायची.

मुलगी अभ्यासात हुशार निघाली. अवसरीच्या सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला लागली आणि तिथेच होस्टेलला राहू लागली. त्या दिवसापासून घरात एका माणसाचा स्वयंपाक आणि एका डब्याचा. एवढा थोडा भात मला शिजवता येईना, कायम उरायचा. संध्याकाळी गच्चीवर गेलं की लांब मोटारीच्या खोलीचा दिवा दिसायचा. हे तिकडे खोकायचे ते इथवर येत नसे, पण डबा अडकवताना ऐकू यायचं. इतक्या वर्षांच्या फवारणीनं छाती वाजायला लागली होती. बोटांची कातडी तर राठ होऊन गेली होती. मी झाडाशी उभी राहून ऐकायची आणि परत यायची.

त्याच वर्षी, पेस्टिंगच्या तोंडावर, नारायणगावच्या एका मंगल कार्यालयात शिबिर होतं. द्राक्षं परदेशी पाठवायची तर औषधं कशी हाताळायची, हे सांगायला. आमच्या बचत गटातल्या बायकांनाही बोलावलं होतं. सांगणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. हातमोजे कसे धुवायचे, कपडे वेगळे कसे ठेवायचे, सगळं नीट सांगत होती. पेस्टचा विषय निघाला तेव्हा मागून पुरुषांच्या बाजूनं हशा आला. ती म्हणाली, हसू नका, प्रश्न फक्त दारूचा नाही. खोकल्याची काही पातळ औषधं असतात, आसवं-अरिष्टं असतात. ती आंबवून करतात, त्यामुळे त्यांतही आपोआप अल्कोहोल तयार होतं. पेस्टचं काम केल्यावर तेवढंसुद्धा बाधू शकतं.

मी उभी राहिले. का राहिले ते मला कळायच्या आत माझा आवाज मला ऐकू आला. द्राक्षासव घेतलं तर? ती म्हणाली, तेच ते. मी विचारलं, महिनाभर रोज घेत असेल आणि काहीच होत नसेल तर? एरवी नाही होणार, पेस्ट लावलेल्या दिवशी होईल, ती म्हणाली. आणि मात्रा जास्त गेली तर अधिकच. मग तिनं काळजीनं विचारलं, तुमच्याकडे कुणाला झालंय का? मी नाही म्हटलं. खाली बसले तेव्हा शेजारच्या बाईनं माझा हात धरला, हात इतका गार का पडलाय म्हणाली.

जेवण होतं, मी थांबले नाही. बाजारातल्या दुकानातून द्राक्षासवाची बाटली घेतली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून चष्मा लावून वाचली. मागच्या बाजूला, बारीक इंग्रजी अक्षरांत, अल्कोहोलचं प्रमाण लिहिलेलं होतं. गावाचे सगळे कागद मी वाचत आले, विषाच्या डब्यातली चिठ्ठी मी शब्दन् शब्द वाचली, आणि घरातली ही बाटली मी कधी फिरवून पाहिली नव्हती.

जीपनं फाट्यावर उतरले ती घरी न जाता सरळ बागेत गेले. हे खोलीबाहेर बसून पेस्टिंगसाठी जुन्या धोतराची फडकी फाडत होते. मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. मला दम लागला होता. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, फडकं गुडघ्यावर ठेवलं.

"कळलं व्हय," ते म्हणाले.

त्यांना माहीत होतं. अकरा वर्षांपासून माहीत होतं. मग त्यांनी हळूहळू, मध्ये खोकत, सांगितलं. इथे राहायला आल्यावर त्यांनी त्या दिवशी पोटात गेलेलं एकेक आठवून काढलं होतं. भाकरी, मेथी, कांदा, आणि शेवटी ती अर्धी वाटी. पुढच्या वर्षी पेस्टिंग झाल्यावर टोळी गेली, आणि यांनी जुन्नरहून आणून ठेवलेल्या बाटलीतून मोजून अर्धी वाटी घेतली. एकट्यानं, खोलीत, दार लोटून. खरं काय ते बघायला. पहिल्यापेक्षा जास्त झालं त्या वेळी. उठता येईना, दुपारभर जमिनीवर पडून होते.

"तिन्हीसांजंला तू डबा घिऊन आलीस," हे म्हणाले. "पावलं वळखली. हाक मारायची व्हती, पर आवाजच निघंना."

मला तो दिवस वेगळा आठवत नाही. आठवायला काही नव्हतंच. डबा अडकवला असेल आणि परत आले असेन, त्या दाराआड न बघता, रोजच्यासारखी.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? त्यांनी फडकं पुन्हा हातात घेतलं.

"आधी राग व्हता. माझ्या शबुदावर इस्वास ठिवला नाय, आन् बाटलीच्या साक्षीवर ठिवणार. त्ये जमंना मला." मग खाली बघत म्हणाले, "पुढं राग ग्येला. पर तवर वाटलं, आता तुला सांगून काय? तुझ्या हातानं दिली व्हती. तू मायेनं दिली व्हतीस."

मी तिथेच मातीत बसून रडले. मोठ्यानं रडले, मला हळू काही येतच नाही. हे उठले, मडक्यातलं पाणी तांब्यात घेऊन आले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवलं. चला घरी, असं मी म्हटलं. येतो म्हणाले.

दुपारचं जेवायला येऊ लागले. झोपायला मात्र आले नाहीत, घरात आता झोप लागत नाही म्हणाले, आणि ते खरं असावं. जेवण झाल्यावर पाटावर थोडा वेळ बसून राहतात. मी बडीशेपेचा डबा पुढे सरकवते, हातावर काही देत नाही. खोकल्यासाठी डॉक्टरांच्या गोळ्या आहेत, त्या ते स्वतः पाकिटातून काढून घेतात.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, तापाच्या दिवशी मी काय बोलले तेही. ती अठरा वर्षांची, माझ्यासारखी फटकळ नाही. सगळं ऐकून घेतलं, चिडली नाही. मग तिनं एवढंच विचारलं, "आई, मी डोकं बाजूला घेतलं होतं, ते बाबांच्या लक्षात असेल का गं?"

मी म्हटलं, नाही. इतकं लहानसं कशाला लक्षात राहील त्यांच्या. त्या दिवशीची भाकरी त्यांना आठवत होती, मेथी आठवत होती, दाराबाहेरची माझी पावलं आठवत होती. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, ओढणी सारखी केली आणि संध्याकाळचा डबा उचलून बागेची वाट धरली.